खड्ड्यात घालायला काढलेले डबे

बाई, परवा आपल्या डब्यांसाठी गावात खड्डा खणला. शाळेच्या मागच्या पडीक जागेत, जेसीबीनं, चांगला पुरुषभर खोल. ओढ्याचं पाणी ओसरून दोन दिवस झाले होते, घराघरांतून चिखल उपसणं चालू होतं, आणि पुराची पाहणी करायला आलेले एक तरुण साहेब बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून आपल्या डबे भरायच्या केंद्राच्या दारात उभे होते. आत मांडणीवर उसळीचे डबे होते. सगळे चिखलानं माखलेले, एकाच्याही अंगावर कागद राहिलेला नव्हता. साहेबांनी आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. दारातूनच म्हणाले, "मावशी, हे सगळं पुरून टाका. लेबल नाही, आत काय आहे ते कुणी सांगायचं?" मी म्हणाले, "मी सांगते." तर ते हसले. बाई, ते हसणं अजून माझ्या डोक्यातून जात नाही. याच दारात लोक तुम्हाला असेच हसले होते, तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आता पन्नाशी उलटली. केस पिकले, गुडघे कुरकुरतात, पण तेव्हाचा राग आहे तसाच आहे, आणि तो एकदा नीट तुमच्यापुढे मांडावा म्हणून बसले आहे. त्यातला थोडा तुमच्यावरही आहे, तो शेवटपर्यंत लपणार नाही, म्हणून आधीच सांगते.

तुम्ही आलात तेव्हा गावाला वाटलं शिवणकाम शिकवणाऱ्या बाई आल्या. गेवराईच्या एस.टी.च्या टपावरून लाकडी खोकं उतरलं, ते फोडलं, तर शिलाई मशीनऐवजी आतून निघालं बिडाचं, मोठ्या चाकाचं एक धूड. त्यावर भरलेला डबा ठेवायचा, झाकण ठेवायचं, चाक फिरवायचं, की झाकणाची कड डब्याच्या कडेत अशी दुमडून बसायची की मुंगीला म्हणून वाट नाही. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पारावरच्या माणसांनी तुम्हाला त्याच दिवशी नाव ठेवलं, डबेवाली बाई. तुम्ही मात्र दोन्ही खोल्या स्वतः सारवल्या, चूल घातली, दाबाचा तो मोठा कुकर मांडला आणि दारात उभ्या राहून आम्हा सात-आठ पोरींना म्हणालात, "आधी हात धुऊन या. नखं दाखवा." मी आजही केंद्रात येणाऱ्या बाईची नखं बघते. माझ्या सुनेला त्याचा राग येतो. येऊ दे.

एक सकाळ मी विसरलेले नाही. मटकीची उसळ भरत होतो, घाई होती, माझ्या एका डब्याच्या कडेवर मटकीचं साल चिकटलेलं मला दिसलं. मी तसंच झाकण ठेवून चाक फिरवलं. डबे शिजून, गार होऊन निघाले की तुम्ही चमचा घेऊन एकेका झाकणावर टिचकी मारायचात. चांगला डबा खणखणीत बोलतो, ज्याच्यात हवा शिरली तो बद्द वाजतो. माझा डबा बद्द वाजला. तुम्ही विचारलंत, "हा कुणाचा?" मी हात पदराला पुसले. पुन्हा विचारलंत. मी म्हणाले, "माझा." "साल दिसलं होतं का तुला?" मला खोटं बोलता आलं नाही. "दिसलं होतं." तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "चूक झाली असती तर शिकवलं असतं. दिसून सोडलंस, त्याला मी काय शिकवू? पत्र्याच्या आत कुणाला बघता येत नाही. उद्या उसाच्या फडात एखादी बाई हा डबा लेकराच्या ताटात उघडेल, ती फक्त तुझ्या हातावर भरवसा ठेवून उघडेल." आणि मला तीन दिवस घरी पाठवलंत. चौथ्या दिवशी मी तोंड पाडून आले तर तुम्ही पिशवीतून एक टेबलावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलंत. नवंकोरं. "आजपासून कुकरची वेळ तुझ्याकडे. अंदाज चालणार नाही." आमच्या घरात तोवर घड्याळ नव्हतं, बाई. मी ते रोज पदराखाली झाकून आणायचे आणि झाकून न्यायचे.

तुमचं बोलणं कुणी ऐकून घेतलं नाही, याची मला अजून चीड येते. ग्रामसभेत एक जण उठून म्हणाला, "बाई, काय ठिवलंय त्या पत्र्यात? आमच्या बायकांना काय सैपाक येत न्हाई व्हय?" सगळे हसले. तुम्ही हसू थांबेपर्यंत थांबलात. मग म्हणालात, "दादा, तुमच्या घरातली माणसं दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. जाताना काचेची बरणी नेली तर ती ट्रकमध्ये पहिल्या खड्ड्याला फुटते. प्लास्टिकची पिशवी उंदीर फोडतो. उन्हानं तेल खवट होतं, दमट हवेनं पीठ कोंदटतं. पत्र्याच्या डब्यात ऊन जात नाही, हवा जात नाही, दात जात नाही. त्याला फ्रिज नको, लाइट नको. आणि रिकामा झाला तरी भंगारवाला तो घेऊन जातो, वितळून त्याचा पुन्हा पत्रा होतो. सैपाक बायकांना येतोच. सोळा तास राबून आल्यावर तो पुन्हा करावा का, एवढंच मी विचारते." यावर सगळे पुन्हा हसले.

माझी आई त्या वर्षी सहा डबे घेऊन गेली. आष्टीकडच्या मुकादमाची टोळी होती, पार कर्नाटकच्या कारखान्यावर. परत आली तेव्हा मी पहिलं तेच विचारलं. ती म्हणाली, "आमच्या पाचटाच्या कोपीत उंदरानं पिठाचं पोतं कुरतडलं, तेलाची पिशवी फोडली. तुझ्या बाईच्या डब्याला नुसते दात घासून गेला मेला." मग म्हणाली, "एक दिस ताप आलता. मोळ्या टाकून आले, तर उभं ऱ्हावंना. डबा फोडला, उसळ पातेल्यात काढून कढीवली, सकाळची भाकर व्हती. त्या दिशी मी बसून जेवले गं." हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि वहीत काहीतरी लिहून ठेवलंत. बस, एवढंच झालं तुमचं कौतुक. या गावात तुम्हाला मिळालेली एकमेव शाबासकी, तीही माझ्या तोंडून.

आणि मग ते लग्न. गावचे मालक, ज्यांचं निम्मं शिवार, ज्यांच्या शब्दावर गावाची मतं पडायची, त्यांच्या लेकीचं. मालकांनीच तुमच्याकडून आमरसाचे डबे मागून घेतले, कारण पाहुण्यांपुढे मिरवायला काहीतरी नवं हवं होतं. मला पुऱ्या लाटायला बोलावलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आचाऱ्यानं सगळे डबे उघडले आणि रस मोठ्या पितळी पातेल्यांत ओतला. पातेल्यांची कल्हई कधीच उडालेली, आत पिवळंधमक पितळ दिसत होतं. वर वैशाखाचं ऊन. तुम्ही आम्हाला पढवलं होतं, डबा उघडला की त्याची राखण संपली, आणि आंबट जिन्नस बिनकल्हईच्या पितळेत घालायचा नाही. मी आचाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ए पोरी, पुऱ्या लाट गप." मी मालकिणीला सांगायला गेले, तर तिच्याभोवती पाहुण्या, माझ्याकडे कोण बघतो? मी परत येऊन पुऱ्या लाटल्या.

दुसऱ्या दिवशी पंगतीच्या पंगती ओकायला लागल्या. ट्रॅक्टरमध्ये घालून माणसं गेवराईला नेली. कुणी दगावलं नाही, देवाची दया. पण संध्याकाळी मालक दहा-बारा जणांना घेऊन केंद्रावर आले. फेटा तसाच, कपाळाला कुंकू. "बाई, इख घातलंत तुमी आमच्या पावण्यास्नी." तुम्ही एकच प्रश्न विचारलात, "डबे कधी उघडले?" मालक म्हणाले, "वाढायच्या वक्ताला." धडधडीत खोटं. गर्दीत आईशेजारी मी उभी होते. मी पुढे सरकले, तोंड उघडलं, आणि तुम्ही माझ्याकडे बघून सगळ्यांदेखत ओरडलात, "तू घरी जा. मोठ्यांच्यात काय काम तुझं?" तुम्ही माझ्यावर आवाज चढवलेला तो एकच दिवस.

सकाळी मी आले तर तुम्ही ट्रंक भरत होता. मी म्हणाले, "बाई, मी समद्या गावाला सांगते. मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी." तुम्ही साडीची घडी करता करता विचारलंत, "तुझे वडील कुणाच्या शेतात आहेत?" मी म्हणाले, "मालकाच्या." "मग? मी आज बसनं जाईन. तुला इथं राहायचंय."

बाई, हे वाक्य मी तेहेतीस वर्षं उराशी घेऊन फिरते आहे, आणि मला ते पटलेलं नाही. लोक म्हणतील केवढं मोठं मन. मी म्हणते, तुम्हाला हा हक्क कुणी दिला? दिसून सोडलं म्हणून तीन दिवस घरी बसवणाऱ्या तुम्ही, आणि माझ्या डोळ्यांनी बघितलेलं मला सोडायला लावलंत. तुम्ही खाली मान घालून एस.टी.त बसलात आणि गावाला वाटलं बाई चुकली. केंद्राला कुलूप लागलं. यंत्रावर पोतं पडलं. नंतर कितीतरी वर्षं कुणाचं पोट बिघडलं की पारावर विचारायचे, "काय बे, डबा खाल्ला का बाईचा?" मी पाण्याला जाताना ते ऐकायचे. तुम्हाला ऐकावं लागलं नाही. तुम्ही लांब होता. एकदा चकलांब्याच्या बाजारात अंबाजोगाईची एक ओळखीची बाई भेटली, तिच्याकडून कळलं की तुम्ही गेलात. दोन महिने होऊन गेले होते. मी मेथीची जुडी हातात घेऊन तिथेच उभी राहिले आणि मला रडू आलं नाही, रागच आला. भांडायचं राहिलं होतं आपलं.

माझं लग्न गावातच झालं. वडील गेले, मालकाची शेती सुटली, पोरं मोठी झाली. मग आम्ही दहा जणींनी गट केला, ग्रामपंचायतीकडून केंद्राची किल्ली मागून घेतली, रॉकेलनं यंत्राचा गंज काढला. चाक फिरलं तेव्हा त्या नऊ जणींना मी पहिल्याच दिवशी लग्नातलं सगळं सांगितलं. मालकाच्या तोंडावर मात्र गेले नाही. काय करणार, सवय पडलेली. उसळ भरतो, टोमॅटोचा रस भरतो. सीताफळाला तेवढं हात लावत नाही. नेकनूरकडच्या डोंगरातली सीताफळं कुणी ना कुणी आणून देतं आणि आग्रह करतं, मी सांगते की हे तापवलं की कडू होतं, याला डबा मानवत नाही, आमच्या बाईंनी सांगितलंय. तोडणीला जाणाऱ्या बाया दसऱ्यापासून डबे सांगून ठेवतात. यंदाचे भरून मांडणीवर लागले होते, आणि ओढ्याला पाणी आलं.

असं पाणी म्हाताऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. भिंती बसल्या, कणग्या भिजल्या, जनावरं गेली. माझं स्वयंपाकघर पडलं. निम्मं गाव शाळेत. नदीच्या पुलावर अजून पाणी, त्यामुळे मदतीची गाडी पलीकडे अडकलेली, आणि साहेब ट्रॅक्टरवर बसून कसेबसे आलेले. दुकानातली बिस्किटं, शेवया, तयार भाजीची प्लास्टिकची पाकिटं, सगळ्यांत गढूळ पाणी शिरलेलं, नाहीतर शिवण उसवलेली. बरण्यांच्या झाकणांत चिखल. शाळेत पोरं भुकेनं कळवळत होती आणि हे साहेब मला म्हणत होते की पुरून टाका.

तेव्हा मी एक डबा उचलला, पदरानं पुसला आणि त्यांच्या नाकापुढे धरला. झाकणावर 'म' ठोकलेला आहे आणि खाली आकडे. म म्हणजे मटकी, आकडे म्हणजे भरल्याचा दिवस. ही तुमची सवय, बाई. तुम्ही म्हणायचात, कागद पाहुणा असतो, आज आहे उद्या नाही, जे सांगायचं ते पत्र्यावर ठोका. मी साहेबांना म्हणाले, "कुठलाही उचला. न उघडता सांगते आत काय ते. चुकले तर मीच खड्ड्यात ढकलते." त्यांनी तीन उचलले. मटकी, हरभरा, मटकी. तिन्ही उघडले, तिन्ही बरोबर. वासही ताजा. तरी म्हणतात, "पण मावशी, नियम आहे." मी विचारलं, "उपाशी पोरांचा काय नियम हाय?" त्यांनी फोन काढला, रेंज नव्हती. शेवटी तोंड वळवून म्हणाले, "माझी परवानगी नाही. पण मी काही बघितलेलं नाही." बघा, बाई. तुम्हाला घालवणारा निदान पुढ्यात उभा राहून खोटं बोलला. याला धड खोटंही बोलवत नव्हतं.

आम्ही दहा जणी बसलो. एकेक डबा घासून धुतला, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवला, पुन्हा धुतला. कडेला चेपलेला, गंजलेला, जरा जरी फुगलेला, तो मी स्वतः बाजूला काढला, त्यावर कुणाचं ऐकलं नाही. बाकीचे उघडून उसळ मोठ्या पातेल्यात खळखळून उकळली. पहिला घास सगळ्यांसमोर मी खाल्ला. मग पंगत बसली. तोडणीला जाणाऱ्या ज्या बायांचे ते डबे होते त्याच वाढत होत्या, आणि एकीनंही कुरकुर केली नाही. खड्ड्यात गेलं ते कुजलेलं धान्य आणि ती पाकिटं. साहेबही जेवले. जेवून हात धुताना मला म्हणाले, "पुढच्या वेळी पाउचमध्ये भरा, मावशी. हलकं पडतं, दिसायलाही मॉडर्न." पलीकडे त्या पाउचांवर जेसीबी माती लोटत होता! मी त्यांच्या हातावर पाणी घालत होते, ते तेवढ्यावर थांबवलं आणि तांब्या घेऊन निघून आले.

पंगतीच्या टोकाला मालक बसले होते. ऐंशीच्या पुढे गेलेत, वाड्याची भिंत बसली म्हणून नातवानं उचलून शाळेत आणलेलं. मी वाढायला वाकले. म्हणाले, "चांगली झालीया. कुणी केली?" आणि बाई, इतक्या वर्षांनी माझं तोंड उघडलं. मी मोठ्यानं म्हणाले, "डबेवाल्या बाईनं शिकीवलेली हाय. मालक, तुमच्या लेकीच्या लग्नात डबे आदल्या दिशी उघडले व्हते. बिनकल्हईच्या पातेल्यात रस ठिवलता. मी तिथं व्हते."  मला वाटलं म्हातारा नाही म्हणेल, चिडेल, मी भांडायला तयारच होते. त्यांनी घास चावला, गिळला, आणि म्हणाले, "ठावं हाय. आचाऱ्यानं त्याच दिशी सांगितलतं मला."

"मग कावून बोललात तसं?"

"पावण्यापुढं घराची अब्रू जात व्हती, पोरी. ती डबेवाली काय, परगावची." आणि ताट पुढे केलं. "वाढ अजून जरा."

मी वाढलं. उपाशी माणसाला वाढायचं नाही तर काय करायचं? पण वाढायच्या डावाचा दांडा मी इतका आवळला होता की संध्याकाळपर्यंत बोटं सरळ होईनात. परगावची! म्हणजे तुम्ही स्वतःहून बसमध्ये बसलात ते त्यांना किती सोयीचं झालं बघा. माझा तुमच्यावरचा राग यानं कमी झालेला नाही, वाढला आहे. पण एक झालं. त्या पंगतीत शंभर माणसांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी पारावरून जाताना एक म्हातारा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बाईवर अन्याव झाला गं लई." मी म्हणाले, "ते मला काय सांगताव? तिला सांगायचं व्हतं." आणि पुढे गेले.

आता हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, ते मला कळतं. कुठल्या पेटीत टाकणार? पत्र्याच्या ट्रंकेत साड्यांखाली ठेवीन. पण एवढं सगळ्यांवर कोरडे ओढून झाल्यावर एक माझंही सांगते, कारण ते घरात कुणाला सांगण्यासारखं नाही. पाणी ओसरलं त्या पहिल्या सकाळी मी गुडघाभर चिखलातून केंद्रावर गेले. दार ढकललं. डबे मांडणीवर होते तसे उभे, ओळीत, एकही हललेला नाही. समोरच्या अंगणात शेजारीण तिच्या वाहून गेलेल्या शेळ्यांची नावं घेऊन रडत होती. आणि बाई, मला आनंद झाला. पूर आला ते बरं झालं, असंही क्षणभर मनात येऊन गेलं. तिला माझं तोंड दिसू नये म्हणून मी दार आतून लोटून घेतलं, आणि त्या चिखलात उभी राहून पोटभर हसले.